निरंक

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आण्णांच्या एका डोळ्यावर पट्टी होती आणि दुसऱ्यानं त्यांना लॅपटॉपवरची बारीक अक्षरं दिसत नव्हती, म्हणून मी त्यांना वाचून दाखवत होते. ८ ऑगस्ट २०१९, गुरुवार, सकाळचे सहा. पुण्यात कितीतरी दिवस ऊन पडलं नव्हतं. दोरीवरचे कपडे वाळत नव्हते आणि घरभर ओल्या सुताचा वास कोंदला होता. दहा दिवसांसाठी म्हणून आलेले आण्णा परत जाऊ शकत नव्हते, कारण महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली गेला होता. राजाराम बंधाऱ्याची धोक्याची खूण ४३ फुटांवर आहे. पंचगंगा तिच्याही दहा-बारा फूट वर चढली होती. तिकडे सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांकडे निघाली होती. "आता किती?" एवढाच प्रश्न आमच्या घरात तासातासाला विचारला जायचा आणि काय किती ते विचारावं लागायचं नाही.

मी तेव्हा एका मदतसंस्थेसाठी पूरग्रस्त गावांची माहिती गोळा करत होते. गावागावांतले कार्यकर्ते फोनवर एक फॉर्म भरत, तो सर्व्हरवर येई, आणि मी लिहिलेली स्क्रिप्ट दर तीन तासांनी गेल्या चोवीस तासांतले सगळे फॉर्म उचलून गाववार बेरीज करी, तक्ता मांडी, नकाशा रंगवी. सकाळी सहाला त्याचा गोषवारा पंचवीसेक लोकांच्या फोनवर जाई. ट्रक कुठं पाठवायचे, कोणत्या गावासाठी बोट मागायची, औषधांची खोकी कुठं उतरवायची, हे ते लोक त्यावरून ठरवत. रात्रभर कुणी जागं न राहता सकाळी अहवाल तयार, याचा मला मनापासून अभिमान होता. तो आण्णांना ऐकवावा असं वाटत होतं, कारण असे अहवाल हातानं करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

शिरोळ तालुका आला. एकेक गाव घेत मी खाली येत होते. अडकलेले किती, आजारी किती, पिण्याचं पाणी आहे का. आण्णा खुर्चीत मान मागं टाकून ऐकत होते. एका गावाशी मी म्हणाले, "अडकलेले शून्य, आजारी शून्य, मागणी शून्य." आणि पुढच्या ओळीकडे वळले.

आण्णांनी हात वर केला. "थांब. निरंक आलंय, का आलंच नाही?"

मला सांगता येईना.

महसूल खात्यातल्या माणसाच्या घरात वाढलेल्याला 'निरंक' हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आण्णा तलाठी म्हणून लागले आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. पावसाळ्यात रोज संध्याकाळी गावाकडून तालुक्याला आणि तालुक्याकडून जिल्ह्याला नुकसानीचा अहवाल जायचा. मयत किती, मोठी जनावरं किती, लहान जनावरं किती, घरं पूर्णतः पडली किती, अंशतः किती. ज्या गावात काहीच घडलेलं नसे त्या गावानं कागद कोरा ठेवायचा नाही. 'निरंक' असं लिहून खाली सही करायची. फोनवरून अहवाल घेताना आण्णा एकेका गावाचं नाव घेत आणि पलीकडून उत्तर येई: निरंक, निरंक, घर अंशतः एक, निरंक. मी अभ्यासाची वही पुढ्यात घेऊन ते ऐकत बसायची. देवघरातल्या नामावळीसारखी त्याला एक लय होती. मध्येच एखाद्या गावाला उत्तर यायचं नाही. मग त्या गावापुढं लाल शाईनं 'अप्राप्त' असं लिहिलं जाई आणि घरातली हवा बदलायची. आई ताट वाढायची थांबायची. आण्णा कोतवालाला, पोलीस पाटलाला, शेजारच्या गावच्या तलाठ्याला, कुणाकुणाला गाठायचा प्रयत्न करत राहायचे. निरंक म्हणजे एक माणूस गावभर फिरला, त्यानं पाहिलं आणि काही नाही असं स्वतःच्या सहीनं सांगितलं. अप्राप्त म्हणजे तिथं काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. या दोन शब्दांत केवढं अंतर आहे हे मी दहा वर्षांची होण्याआधीच शिकले होते.

आणि तरीही स्क्रिप्टमध्ये मी एक ओळ लिहिली होती: रिकामी जागा दिसली की तिथं शून्य भर.

ती का लिहिली तेही सांगते. पहिल्या दोन दिवसांत माहिती व्हॉट्सॲपवरून येत होती. "वाडीत पाणी शिरलंय, लवकर या," असा निरोप यायचा. कुठल्या वाडीत? आपल्याकडे नुसतं 'वाडी' म्हटलं की सगळ्यांना नृसिंहवाडी कळते, पण निरोप पाठवणाऱ्याला तीच म्हणायची असते असं नाही. चिखली म्हणावं तर एक प्रयागची, एक कागल तालुक्यातली. शिरोळ आणि शिरोली यांत घाईनं टाइप करताना एका अक्षराचा फरक, आणि त्या एका अक्षरापोटी ट्रक भलतीकडे. म्हणून मी जनगणनेतली गावांची यादी घेतली. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक आहे. कार्यकर्त्यानं नाव टाइप करायचंच नाही, यादीतून निवडायचं. नाव कसंही उच्चारा, क्रमांक एकच. आलेले फॉर्म त्या यादीशी जोडले की सगळी गावं एका तक्त्यात दिसत. ज्या गावाचा फॉर्म नाही त्याच्यापुढं रिकामं राही. त्या रिकाम्या जागांमुळे बेरजा अडायच्या, नकाशा अर्धवट रंगायचा. रात्रीचे दोन वाजले होते. शून्य भरलं आणि सगळं सुरळीत चालू लागलं.

नकाशावर शून्याचा रंग हिरवा होता.

ते गाव ६ तारखेला नारिंगी होतं. ६० माणसं अडकलेली, असा फॉर्म त्या दिवशी दुपारी आला होता. ७ तारखेला फॉर्म आला नाही. चोवीस तास उलटले, जुना आकडा हिशेबातून गळला, रिकाम्या जागी शून्य बसलं आणि गाव हिरवं झालं. मला चांगलं आठवतं, ७ च्या रात्री नकाशावर तो ठिपका हिरवा झालेला मी पाहिला होता आणि मला बरं वाटलं होतं. माणसं बाहेर पडली असतील, असंच मनात आलं. आमच्या गटात कुणीतरी नमस्काराचा हात टाकला होता. त्या गावासाठी ठरलेली पाण्याची खोकी दुसऱ्या गावाकडे वळवली गेली. तिथल्या दोघातिघा कार्यकर्त्यांचे फोन चालू होते आणि त्यांचे फॉर्म दर तासाला येत होते. मदतकार्यात पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी आणि अंग धुण्यासाठी माणशी रोज किमान १५ लिटर पाणी धरतात. स्फिअर नावाच्या मानकांत तसं लिहिलेलं आहे आणि जगभर ते पाळायचा प्रयत्न होतो. माझी स्क्रिप्ट अडकलेल्यांच्या आकड्याला १५ नं गुणून लागणारं पाणी आपोआप काढायची. त्या गावापुढं तिनं शून्य लिटर लिहिलं होतं.

आण्णांच्या त्या प्रश्नानंतरचे दोन तास मी फोन लावत होते. कार्यकर्त्याचा फोन बंद. सरपंचांचा बंद. शेवटी कर्नाटकाच्या बाजूला दिलेल्या त्या गावच्या एका मुलीचा नंबर मिळाला. तिचंही वडिलांशी ६ तारखेच्या रात्रीनंतर बोलणं झालेलं नव्हतं. "ताई, तुमच्याकडं काय कळलंय का?" असं तीच मला विचारत होती. मी तिला काय सांगणार होते? त्याच दिवशी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली. दुपारनंतर टीव्हीवर दुसरं काही नव्हतं, आणि जिथं तिथं बोटींची तारांबळ. आमची माणसं त्या गावी पोचली ती ९ तारखेला दुपारी. प्राथमिक शाळेच्या वरच्या मजल्यावर १४० माणसं होती. सगळी जिवंत होती. हे आधी सांगायला हवं होतं. लिहिताना माझाच हात थरथरतो म्हणून राहून गेलं.

मी स्वतः तिथं गेले ती रस्ता खुला झाल्यावर, १५ ऑगस्ट उलटून गेला होता. पूर ओसरल्यानंतरच्या गावाचा वास टीव्हीवर येत नाही. सडलेला कडबा, भिजून फुगलेलं आणि आंबलेलं धान्य, मेलेली जनावरं, गटारात मिसळलेलं रॉकेल, आणि या सगळ्यावर नदीच्या गाळाचा थंड, जुना वास. ऊस उभा होता, पण राखेच्या रंगाचा. भिंतींवर पाण्यानं ओढलेली रेघ माझ्या डोक्याच्या हातभर वर होती. बायका दारात भांडी घासत होत्या. तीच ती भांडी पुन्हा पुन्हा. शाळेच्या वरच्या वर्गात कार्यकर्ता मला घेऊन गेला. विशीतला पोरगा, डोळे खोल गेलेले. फळ्याकडे बोट करून म्हणाला, "हे पुसू दिलं नाही म्या."

फळ्यावर खडूनं तक्ता आखलेला होता. गुरुजींचं अक्षर. डावीकडे तारीख आणि वेळ, पुढं जिन्याच्या किती पायऱ्या पाण्यावर दिसतात ते. ७ तारीख सकाळी ७, पायऱ्या ६. दुपारी १२, पायऱ्या ५. संध्याकाळी ६, पायऱ्या ४. त्याखाली एकूण माणसं १४०, बायका किती, पोरं किती. साखरेच्या गोळ्या लागणारे ५, पैकी गोळ्या संपलेले ३. दिवस भरलेली १. वरच्या गच्चीवर म्हशी २. शिल्लक: तांदूळ, गूळ, दोन बादल्या पाणी. प्रत्येक ओळीपुढं वेळ टाकलेली. माझ्या फॉर्ममध्ये पहिल्या दिवशी ४२ प्रश्न होते, ते रडतकढत मी १९ वर आणले होते. या फळ्यावर नऊ ओळी होत्या आणि त्यांत लागणारं सगळं होतं. माझ्या फॉर्ममध्ये 'कुटुंबं किती' असा प्रश्न होता; गुरुजींनी 'चुली' लिहिलं होतं. बरोबरच होतं ते. एका घरात तीन भाऊ राहतात, रेशनकार्ड एक, चुली तीन. शिधा वाटायचा तर चूल मोजावी लागते. मला तो शब्द माहीत होता, पण फॉर्म करताना सुचला नव्हता.

पोरानं फॉर्मही भरले होते. टॉवर पडला तरी हे ॲप बंद पडत नाही. भरलेला फॉर्म फोनमध्ये जपून ठेवतं आणि रेंज आली की आपोआप पाठवतं. अशा ठिकाणांसाठीच ते बनलेलं आहे. त्यानं फोन दिवसातून दोनदाच चालू करायचा असं ठरवून बॅटरी पुरवली, आणि ८ च्या रात्रीपर्यंत पाच फॉर्म भरले. ते पाचही १२ तारखेला एकदम सर्व्हरवर येऊन पडले, कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर त्याचा फोन चार्ज झाल्यावर. प्रत्येकावर भरल्याची वेळ होती. ७ ऑगस्ट, सकाळी ७ वाजून ४० मिनिटं, अडकलेले १४०. मी ते रात्री एकामागून एक उघडून वाचले. ज्या क्षणी मी हिरवा ठिपका पाहून सुस्कारा सोडला होता, त्या क्षणी त्याच्या खिशात १४० हा आकडा होता. आम्ही वापरत होतो त्या प्रणालीचं नाव कोबो. हा युगांडातल्या अचोली भाषेतला शब्द आहे. इकडचं तिकडे पोचवणं, असा त्याचा अर्थ. त्याआधी कितीतरी वेळा मी तो अर्थ प्रशिक्षणात कौतुकानं सांगितला होता.

जिन्यावरून उतरताना एक आजी भेटल्या. नऊवारीचा सोगा खोचलेला, हातात खराटा. मी कोण ते पोरानं सांगितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आमचं नाव न्हवतं व्हय गं यादीत?" आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होत्या.

यादीत नाव होतं. पहिल्यापासून होतं. म्हणूनच तर शून्य बसलं.

त्या दिवाळीत मी आण्णांना किल्लारीबद्दल विचारलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर त्यांची तिकडे ड्युटी लागली होती, इतकंच मला माहीत होतं. ते त्यावर कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, गणपतीचं विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती. दगडमातीची घरं, वर जाडजूड धाबं. आण्णांच्या वाट्याला मयतांची यादी करायचं काम आलं. घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, मयत, जखमी, वाचलेले. "ज्या घरात एक जरी जिवंत असेल त्या घराची यादी होते," आण्णा म्हणाले. "रडत रडत का होईना, तो नावं सांगतो. पण जे घर सगळंच गेलं, तिथं सांगणार कोण? तिथला रकाना रिकामाच राहणार. पहिल्या दिवशी आमच्या कागदावर सगळ्यात स्वच्छ तीच घरं होती." मग ते शेजाऱ्यांना विचारत हिंडले. शेजारी जिवंत असेल तर. पुरुषांची नावं मिळत, बायकांची मिळत नसत. अमक्याची आई, तमक्याची सून, एवढंच लोकांना माहीत. तान्ह्या पोरांची तर नावंच ठेवायची राहिलेली. पंचनाम्याला पंच लागतात, आणि त्या गल्ल्यांत पंच म्हणून उभा राहायला माणूस उरला नव्हता. ५२ गावं पुढं नव्या जागी वसवली गेली, त्यावर पुष्कळ लिहिलंही गेलं. आण्णांना मात्र आठवत होता तो एका घराचा रिकामा रकाना, जो त्यांनी तीन दिवस कोरा ठेवला होता. "निरंक लिहायला हात होईना, आणि दुसरं काय लिहावं ते कळेना."

मी पुढं हे सगळीकडे शोधत गेले, आणि सापडतही गेलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये फिलिपीन्सवर हैयान हे चक्रीवादळ आदळलं. पहिल्या दिवशीच्या बातम्यांत मृतांचा आकडा एका हाताच्या बोटांवर मावणारा होता आणि जग म्हणत होतं, थोडक्यात निभावलं. ताक्लोबान आणि गिवान या शहरांतून काही निरोपच येत नव्हता, कारण निरोप पाठवणारं तिथं काही उभं नव्हतं. शेवटी सरकारी आकडा ६३०० वर गेला. २०१७ च्या मारिया वादळानंतर पोर्तो रिकोत कित्येक महिने अधिकृत आकडा ६४ होता. वर्षभरानं अभ्यास झाला आणि तो २९७५ करावा लागला. वीज नाही, दवाखाना बंद, रस्ता तुटलेला, अशात घरच्या घरी गेलेली माणसं कुठल्याच रकान्यात पडली नव्हती. हे वाचताना मला दर वेळी तो हिरवा ठिपका दिसतो.

ज्यांनी हे आधीच ओळखलं होतं अशीही माणसं आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. पल्स पोलिओचे दिवस आठवतात? लस पाजून झाली की अंगणवाडीताई दारावर खडूनं इंग्रजी पी काढायच्या, तारीख टाकायच्या. पण दार बंद असेल, बाळ मामाच्या गावाला गेलेलं असेल, किंवा घरच्यांनी नको म्हटलं असेल, तर तिथं एक्स ही फुली पडायची. कोऱ्या दाराचा अर्थ तिथं अजून कुणी गेलंच नाही. फुलीचा अर्थ आम्ही आलो होतो, काम राहिलंय, पुन्हा यायचंय. त्याच मोहिमेत दवाखान्यांना दर आठवड्याला कळवावं लागे की अचानक लुळेपणा आलेलं एकही मूल या आठवड्यात आलेलं नाही. काही नाही हेही कळवायचं. हावड्यातल्या २०११ च्या शेवटच्या रुग्णानंतर २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला, त्याच्यामागे अशा लाखो निरंकांची रास आहे. ते कुणीतरी दर आठवड्याला, कंटाळा न करता, लिहून पाठवले.

लहानपणी आण्णांनी मला राधानगरी धरण दाखवायला नेलं होतं. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण, आणि त्याचे सात स्वयंचलित दरवाजे. धरण भरलं की ते पाण्याच्या दाबानंच उघडतात. माणसाचा हात लागत नाही, वीज लागत नाही. आम्ही गेलो तेव्हा दोन उघडलेले होते. भुरभुर तुषार अंगावर येत होते आणि बोललेलं ऐकू येत नव्हतं. "कोण उघडतं?" मी ओरडून विचारलं. "पाणीच उघडतं," आण्णा कानाशी येऊन म्हणाले. मला ते इतकं सुंदर वाटलं होतं की मी शाळेच्या निबंधातही तेच लिहिलं. या कामात मी ज्या ओढीनं पडले त्याचं मूळ कदाचित तिथं असेल: कुणी झोपलेलं असो, दमलेलं असो, दरवाजा वेळेवर उघडतो. आजही मला ती गोष्ट तितकीच प्रिय आहे. त्याच पुरात एका गावातून डायलिसिसचे चार रुग्ण असल्याचा फॉर्म रात्री अकराला आला आणि अर्ध्या तासात ती यादी डॉक्टरांच्या हातात होती. हातानं केलं असतं तर ती सकाळच्या अहवालाची वाट बघत पडली असती. पण राधानगरीला त्या दिवशी मी आणखी एक माणूस पाहिला होता, रेनकोट घातलेला, दरवाज्यांकडे बघत उभा. दरवाजा उघडला की तो आत जाऊन नदीकाठच्या लोकांसाठी फोन करायचा. निबंधात मी त्याच्याबद्दल एक ओळही लिहिली नव्हती.

स्क्रिप्ट दुरुस्त करायला एक संध्याकाळ लागली. रिकामं ते रिकामंच ठेवायचं. फॉर्ममध्ये सगळ्यात वर एक नवं बटण: 'निरंक – मी गावात फिरून पाहिलं'. ते दाबलं तरच शून्य. बारा तास फॉर्म नाही तर गाव करडं होणार, पुढं 'अप्राप्त' लिहिलं जाणार, किती तासांपासून तेही. आणि अप्राप्त गावं तक्त्याच्या तळाशी ढकलायची नाहीत. सगळ्यात वर, लाल गावांच्याही वर. या शेवटच्या गोष्टीवरून आमच्यात बराच वाद झाला. काहींचं म्हणणं होतं की नकाशावर एवढा करडा रंग दिसला तर देणगीदारांना वाटेल आपल्याला काही माहीतच नाही. मी म्हणाले, माहीत नाहीच. त्या बैठकीत माझा आवाज चढला. नंतर मला त्याचं वाईट वाटलं, पण म्हणणं मी मागं घेतलं नाही. चुली किती, हा प्रश्नही आत आला. प्रश्न नऊच ठेवले. गुरुजींना फॉर्म पाठवून विचारलं, बरोबर आहे का? त्यांनी 'पायऱ्या'ची ओळ घाला म्हणून सुचवलं. प्रत्येक गावात उंचीची पट्टी नसते, पण जिना असतो.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. २२ तारखेपासून पाऊस थांबेना, २३ ला पंचगंगा २०१९ च्याही वर जायच्या बेतात आली, महामार्ग पुन्हा बंद. राजाराम बंधारा ५६ फुटांवर. या वेळी आण्णा कोल्हापुरात होते आणि मी पुण्यात. दोन्ही डोळ्यांनी आता त्यांना स्वच्छ दिसत होतं. अहवाल त्यांच्या फोनवर जात होता. तरी रात्री नऊला त्यांचा फोन आला. "वाच," म्हणाले. मी वाचायला लागले, वरून, करड्या गावांपासून. वाचता वाचता फोन किणकिणला. शिरोळ तालुक्यातलं ते गाव. नऊ वाजून बारा मिनिटं. माणसं आदल्या दिवशीच जनावरांसकट छावणीत हलवलेली, शाळेच्या जिन्याच्या पायऱ्या दिसत आहेत १४, आणि त्याखाली एक शब्द. मी तो आण्णांना मोठ्यानं वाचून दाखवला.

ते काही वेळ बोलले नाहीत. पलीकडून पत्र्यावरच्या पावसाचा आवाज येत होता.

"किती राहिली?"

"तीन, आण्णा."

"मग ठेव फोन. त्यांना लाव."